डावीकडचा हिरवट आहे की!

त्या दिवशी ताईंनी दोन साड्या माझ्या टेबलावर ठेवल्या, घड्या नीट केल्या आणि विचारलं, "अहो, ही साडी तुम्हाला नक्की कुठल्या रंगाची दिसते?"

ताई कर्वेनगरात आमच्या मागच्याच सोसायटीत राहतात. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हातमागाच्या साड्या विकायला सुरुवात केली. विणकरांकडे स्वतः जाऊन साड्या निवडायच्या, त्यांचे फोटो वेबसाइटवर टाकायचे आणि लोक ते फोटो बघून साड्या मागवायचे. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. आता त्यातल्या दोन साड्या परत आल्या होत्या. फोटोत मेंदी रंगाची दिसते आणि घरी आली ती तपकिरी, अशी तक्रार होती. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या गावांतून आलेल्या, पण शब्द जवळजवळ तेच.

मी साडीकडे बघितलं, स्क्रीनवरच्या फोटोकडे बघितलं. मला दोन्हींचा रंग एकच दिसत होता.

"स्क्रीनचा घोळ असणार," मी म्हटलं. "माझा मॉनिटर जुना झालाय. बदलायलाच हवा."

"बदला," ताई म्हणाल्या. "पण विकत घ्यायच्या आधी कुणाला तरी विचारा. नंतर विचारून काही उपयोग नसतो."

शिक्षकी पेशातला माणूस निवृत्त झाला तरी आवाज निवृत्त होत नाही. मी मान डोलावली. त्यांच्या पहिल्या प्रश्नात टोमणा होता हे मला कळलं होतं. पण तो प्रश्न शब्दशः खरा होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे कळायला अजून काही दिवस जायचे होते.

वीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढले होते. मंगल कार्यालयांचे पिवळे दिवे, नवरीचे शालू, हळद, अक्षता, सगळं. अल्बम छापून यायचे, लोक खूश असायचे. रंग सांभाळायचं काम छपाईच्या लॅबमधला माणूस करायचा. तो किती करायचा हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. मग पाठ दुखायला लागली, सहा-सहा तास उभं राहणं जमेना, म्हणून मी घरीच एका खोलीत स्टुडिओ थाटला आणि वस्तूंचे फोटो काढायला लागलो. लग्नात नवरीचा शालू जरा लालसर आला तरी तिला तो आठवण म्हणून चालतो. साडी विकायची असेल तर चालत नाही.

मग मी मॉनिटरच्या शोधाला लागलो. इंटरनेटवर वाचून वाचून डोकं भणभणलं. प्रत्येक कंपनी म्हणते आमचे रंग खरे. प्रत्येक परीक्षण करणारा म्हणतो हाच घ्या. आणि जो तो आपलं म्हणणं ज्या व्हिडिओतून सांगतो, तो मी बघणार माझ्याच बिघडलेल्या मॉनिटरवर. शेवटी ताईंनीच पत्ता दिला. "भवानी पेठेत एक गृहस्थ आहेत. छापखान्यात रंग तपासायचे. माझ्या यजमानांची पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. माझं नाव सांगा."

भवानी पेठेतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर होतं. दार त्यांनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, पांढरी दाढी बारीक कातरलेली, अंगात इस्त्रीचा फिकट निळा शर्ट. घराण्याची चौथी की पाचवी पिढी पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणत होती, मीही तेच म्हणायला लागलो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॉनिटर कशासाठी हवाय? फोटो चांगला दिसावा म्हणून, की खरा दिसावा म्हणून?"

"खरा."

"मग दुकानात जो सगळ्यात सुंदर दिसेल तो सोडून बाकीच्यांत बघू या."

दोन दिवसांनी आम्ही बुधवार पेठेत गेलो. चाचा पायी आले होते. दगडूशेठच्या दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आली होती, तिच्या कडेने वाट काढत आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत शिरलो. एका बऱ्यापैकी मोठ्या दुकानात भिंतभर मॉनिटर लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ चालू होता. समुद्रातले रंगीबेरंगी मासे. मला तर सगळेच आवडले.

"हे मासे बंद करता का जरा?" चाचांनी दुकानदाराला विचारलं.

"का? मासे चालत नाहीत का तुम्हाला?"

"चालतात. ताटात."

दुकानदाराने मासे बंद केले. चाचांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात नुसतं राखाडी चित्र होतं. काही नाही, पूर्ण स्क्रीनभर एकच राखाडी. ते प्रत्येक मॉनिटरवर लावून ते चारही कोपरे बघत होते, मग मध्य बघत होते, मग बाजूला सरकून तिरक्या नजरेने बघत होते. एका महागड्या मॉनिटरचा खालचा उजवा कोपरा काळवंडलेला निघाला. दुसऱ्याची काच इतकी चकचकीत होती की त्यात रंगांपेक्षा दुकानाची ट्यूबलाइटच जास्त दिसत होती. वक्राकार स्क्रीनकडे तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"काका, टीव्ही नाहीये हा," दुकानदार वैतागून म्हणाला. "एवढं काय बघताय?"

"टीव्ही नाहीये म्हणूनच बघतोय."

शेवटी दोन मॉनिटर उरले. एकाच कंपनीचे, एकच आकार, एक जरा वरच्या श्रेणीचा. चाचांनी दोन्ही शेजारी ठेवायला लावले, दोन्हींवर तेच राखाडी लावलं आणि मला पुढे बोलावलं.

"सांगा. काय फरक दिसतो?"

मी नीट बघितलं. जवळ जाऊन बघितलं, मागे सरून बघितलं. "उजवीकडचा जरा जास्त उजळ आहे."

"ते सोडा. रंगात?"

"रंगात फरक नाही. दोन्ही राखाडी."

दुकानदारालाच राहवलं नाही. "अहो, काय बोलताय! डावीकडचा हिरवट आहे की! मला इथनं दिसतंय."

मी परत बघितलं. माझ्यासमोर दोन राखाडी चौकोन होते, एकसारखे. दुकानातलं आणखी एक गिऱ्हाईक माझ्याकडे वळून बघत होतं. मी हसून वेळ मारून नेली, दिवसभर स्क्रीन बघून डोळे थकलेत वगैरे म्हटलं. चाचांनी पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवला.

"आज नको घ्यायला," ते दुकानदाराला म्हणाले. "परत येऊ."

"येतात सगळेच परत," दुकानदार म्हणाला आणि त्याने मासे चालू केले.

बाहेर आल्यावर आम्ही एका अमृततुल्यमध्ये चहा घेतला. चाचा इकडचं तिकडचं बोलत राहिले. निघताना म्हणाले, "उद्या सकाळी दहाला घरी या. उजेड चांगला असतो तेव्हा. एक खेळ आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीपाशी चटई अंथरून ठेवली होती. एका पत्र्याच्या डब्यातून त्यांनी अंगठ्याएवढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर छपाईच्या शाईचा एकेक रंग. छापखान्यात नवीन माणूस आला की त्याची नजर तपासायला चाचांनी त्या स्वतः बनवल्या होत्या. "निळ्यापासून सुरुवात करा. मग हिरव्याकडे या, हिरव्यातून तपकिरीकडे, शेवटी लाल. शेजारी शेजारी लावत चला. घाई नाही."

मी लावायला बसलो. निळ्या भराभर लागल्या. पुढे हात जरा अडखळायला लागला. एक पट्टी उचलायची, ठेवायची, परत उचलायची. तरी अर्ध्या तासात रांग लागली. मला वाटलं, छान लागली आहे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रंग कसे सावकाश उतरत गेले होते.

चाचांनी एकेक पट्टी उलटी केली. मागे क्रमांक होते. सुरुवातीचे बरोबर होते. मधल्या भागात मात्र आकडे वेडेवाकडे उड्या मारत होते. जिथे हिरवा संपून तपकिरी सुरू होतो, तिथली एकही पट्टी जागेवर नव्हती.

"राग मानू नका," चाचा म्हणाले. "मॉनिटरचा दोष असेलही. पण आधी डोळे दाखवून घ्या."

मला राग आला होता. त्यांचा नव्हे, कुणाचा ते सांगता येणार नाही. मी थँक्यू म्हणून जिना उतरलो आणि स्कूटर तिथेच विसरून चौकापर्यंत चालत गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ.

"यात कोणता आकडा दिसतो?"

"यात आकडा आहे?"

"आहे," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

अशी बरीच पानं उलटली. मग त्यांनी शांतपणे समजावलं. लाल आणि हिरव्यातला फरक मला इतरांपेक्षा कमी कळतो. सौम्य आहे, म्हणून सिग्नलचे दिवे कळतात, पिकलेला टोमॅटो कळतो, आणि म्हणूनच इतकी वर्षं लक्षात आलं नाही. मंद, मिसळलेले रंग आले की गोंधळ होतो. जन्मापासून आहे. वाढणार नाही आणि जाणारही नाही.

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी फॉर्म भरताना विचारलं.

"फोटोग्राफर आहे."

त्यांचं पेन थांबलं. त्या काही बोलल्या नाहीत याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी हसलीच. "म्हणजे तो एक पाय हिरवा, एक पाय तपकिरी मोज्यांचा जोड! भाच्याच्या मुंजीतला!" मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. थोडा वेळ ती खिडकीशी उभी राहिली. "मला वाटायचं, तुझं लक्षच नसतं," ती म्हणाली. "शर्ट कुठलाही, पँट कुठलीही. किती बोलले रे मी तुला." मी म्हटलं, अगं, लक्षही नसायचंच. पण तिला ते पटलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या होत्या की हे बहुतेक आईकडून येतं, आजोबांकडून नातवाकडे. रविवारी मी धायरीला गेलो. आई तिथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, तिला तेच आवडतं. मी विचारलं, तुझ्या वडिलांना रंग नीट दिसायचे का?

ती निवडत असलेली मेथी तशीच हातात राहिली. "मिरचीच्या तोड्याला त्यांना कुणी घ्यायचं नाही," ती म्हणाली. "लाल झालेली सोडून हिरवीच तोडायचे. माणसं हसायची. ते म्हणायचे, मला नाही दिसत. कुणाला खरं वाटायचं नाही, सगळे म्हणायचे काम टाळतोय. मीसुद्धा हसायचे." मग जरा थांबून तिने विचारलं, "का रे?"

मी सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्याकडूनच आलं तुला."

"आई, नाकही तुझ्याकडूनच आलंय," मी म्हटलं. "त्याबद्दल कधी तक्रार केली का मी?"

ती हसली, पण डोळे पुसायचं थांबलं नाही. त्या दुपारी तिने आजोबांबद्दल जितकं सांगितलं तितकं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ज्याला मिरचीच्या तोड्याला कुणी घ्यायचं नाही तो माणूस आंबा नुसत्या वासावरून पारखायचा, आणि गावातले लोक लग्नाचे आंबे घ्यायला त्यांना बरोबर न्यायचे. मी घरी निघालो तेव्हा मला आजोबांची सोबत असल्यासारखं वाटत होतं.

तरीही काम सोडायचं असं मी ठरवलं होतं. वस्तूंचे फोटो तरी नाहीच. चाचांना हे प्रत्यक्ष सांगायला हवं म्हणून भवानी पेठेत गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मी बोलेपर्यंत वाट बघितली. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "आमच्या छापखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. तुमच्यासारखाच. त्याला कोवळं पान आणि वाळलेलं पान एकच दिसायचं. मालकाला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. शाईची जाडी मोजायचं यंत्र असतं, ते तो प्रत्येक तावाला लावायचा. प्रत्येक. मी लावायचो नाही. मला माझ्या नजरेचा गर्व होता. लांबून बघून सांगायचो, निळी वाढव, पिवळी कमी कर."

"मग?"

"मग काय. त्याचं काम कधी परत आलं नाही. माझं यायचं. सकाळी बरोबर दिसलेला रंग संध्याकाळी दिव्याखाली चुकलेला असायचा. डोळा थकतो, उजेड बदलतो, आदल्या दिवशीचं भांडण डोक्यात असतं. त्याला हे सगळं ठाऊक होतं, कारण त्याचा स्वतःच्या डोळ्यावर विश्वासच नव्हता. मी त्याच्याकडून शिकलो मोजायला. वयाच्या पन्नाशीत." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता तर तुम्हाला चांगला मॉनिटर हवाच. उठा."

मी उठलो. आजही वाटतं, त्या सकाळी ते "असू द्या, जे झालं ते झालं" असं म्हणाले असते तर मी काय करत असतो कोण जाणे.

बुधवार पेठेतल्या त्याच दुकानात आम्ही गेलो. दुकानदाराने आम्हाला ओळखलं आणि न सांगता मासे बंद केले. या वेळी चाचांनी मला काय दिसतं ते विचारलं नाही. त्यांनी एक छोटं उपकरण आणलं होतं, संगणकाच्या माउसएवढं. ते मॉनिटरच्या काचेवर लटकवायचं, मग स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात आणि उपकरण मोजतं की जो रंग दाखवायला सांगितला तोच दाखवला का, आणि किती चुकला. मध्यभागी मोजलं, कोपऱ्यांत मोजलं. दुकानदार खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. त्याने आयुष्यभर मॉनिटर विकले होते, पण त्यांचे रंग असे मोजताना कधी बघितलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं तर तो हातानेच "थांबा" म्हणत होता.

डावीकडचा खरोखरच हिरवट होता. आकड्यांत लिहून आलं. उजवीकडचा, वरच्या श्रेणीचा, कोपऱ्यापर्यंत जवळपास सारखा होता, आणि त्याची आणखी एक सोय होती. मोजून केलेली दुरुस्ती तो स्वतःच्या आत साठवून ठेवत होता. संगणक बदलला, केबल बदलली तरी ती जात नव्हती. काच मंद, चकाकी नसलेली. वर आणि बाजूंना लावायला काळी झापड, म्हणजे खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडू नये. दुकानातला तो सगळ्यात मोठा मॉनिटर नव्हता आणि सगळ्यात देखणा तर मुळीच नव्हता. समोर ठेवला तर एखाद्या सरकारी कार्यालयातला वाटला असता.

"हा घ्या," चाचा म्हणाले.

"हा कुणी मागत नाही," दुकानदार म्हणाला. "म्हणून एकच ठेवलाय." आणि मग, पुण्यातल्या दुकानदाराकडून मी कधी अपेक्षा केली नव्हती ते तो बोलला, "घरी लावल्यावर काही वाटलं तर फोन करा. मला पण कळू दे."

मॉनिटर घरी आला, पण चाचांना माझी खोली पसंत पडली नाही. दारात उभे राहून ते म्हणाले, "भिंती पोपटी आहेत."

"पिवळट आहेत ना?" मी विचारलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मग तिने जमिनीकडे बघितलं. रंग तिनेच निवडला होता, दहा वर्षांपूर्वी.

पोपटी भिंतीवरून येणारा उजेड फोटोंवरही पडतो आणि डोळ्यावरही. म्हणून आठवडाभरात भिंती राखाडी झाल्या. "खोली आहे की लिफ्ट?" असं बायको म्हणाली खरी, पण रंगाऱ्याशेजारी उभं राहून छटा तिनेच नक्की करून दिली. पडदे बदलले. साध्या ट्यूबच्या जागी दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा आला. मॉनिटरचा उजळपणा चाचांनी इतका खाली आणला की मला सुरुवातीला अंधुकच वाटायला लागलं. "कागद स्वतः चमकत नाही," ते म्हणाले. "स्क्रीनही कागदाएवढाच असू दे."

आणि मग त्यांनी मला मोजून काम करायला शिकवलं. साडीचा पहिला फोटो काढताना शेजारी चोवीस रंगांच्या चौकोनांचा एक पुठ्ठा ठेवायचा. त्यात एक चौकोन राखाडी. संगणकावर त्या राखाडीवर बाण नेला की तीन आकडे दिसतात, लाल किती, हिरवा किती, निळा किती. तिन्ही सारखे असले की फोटोत कुठलीही छटा चुकून मिसळलेली नाही. नसले तर सारखे करायचे. माझ्या डोळ्याला विचारायचंच नाही. मी ताईंच्या साड्यांचे जुने फोटो उघडले आणि साडीमागच्या पांढऱ्या पडद्यावर बाण नेला. हिरव्याचा आकडा चांगलाच वर होता. महिनोन्महिने मी त्यांच्याकडे बघत आलो होतो आणि मला काहीच खटकलं नव्हतं.

ताईंना सांगणं बाकी होतं. चाचा म्हणाले, सांगायची गरज नाही, आता काम बरोबर येईल. बायको म्हणाली, सांग. मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, पुस्तक, पट्ट्या, भिंती.

ताई म्हणाल्या, "मी तुम्हाला त्या दिवशी टोमणा मारला हो."

"तुमचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर माहीत नव्हतं, एवढंच."

"मी तीस वर्षं मुलांना लिटमस दाखवला," त्या म्हणाल्या. "एखादा मुलगा म्हणायचा, बाई, मला रंग बदललेला दिसत नाही. मी म्हणायचे, नीट बघ. डोळे उघडून बघ." त्या उठल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. परत आल्या तेव्हा आवाज पूर्ववत झाला होता. "नवीन चाळीस साड्या आल्या आहेत. फोटो तुम्हीच काढायचे. पण शेवटचं बघायला मी येणार. साडी खिडकीशी धरायची, फोटो शेजारी. मान्य?"

मान्य न करायला मी काय वेडा होतो?

त्या चाळीस साड्यांचे फोटो काढायला मला दुप्पट वेळ लागला. ताई रोज सकाळी यायच्या, साडीचा पदर खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि स्क्रीनकडे बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक साडीला पाच मिनिटं घेतली. आठवड्याने एक मिनिट. दोन साड्या तरीही चुकल्या, कारण मध्येच एक दिवा गेला आणि मी घरातला दुसरा लावला होता. ताईंनी लगेच पकडलं. मी परत काढल्या. त्या खेपेला एकही साडी रंगासाठी परत आली नाही. एक आली, पण ती सासूला आवडली नाही म्हणून, आणि त्यावर कुठलाही मॉनिटर इलाज करू शकत नाही.

पुढे ताईंनी छापील कॅटलॉग काढला. त्याची पहिली प्रत घेऊन मी चाचांकडे गेलो. त्यांनी भिंग काढलं, खिडकीपाशी बसले आणि पान पान बघितलं. मी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "इथे लाल जरा सरकलाय."

"माझ्याकडून?"

"नाही. छापखान्याकडून. तुमची फाइल बरोबर आहे." त्यांनी भिंग ठेवलं. "बाकी चांगलं झालंय."

मी जिना उतरलो तेव्हा गल्लीत शाळा सुटलेली होती, मुलांचा गोंगाट होता. या वेळी स्कूटर विसरलो नाही.

या सगळ्याला आता तीन वर्षं झाली. कामं वाढली. मी ज्यांचं काम घेतो त्यांना पहिल्याच भेटीत माझ्या डोळ्यांबद्दल सांगतो. दोघांनी काम दिलं नाही. बाकीच्यांनी दिलं, आणि त्यातल्या एकाने तर फोनवर आवाज खाली आणून सांगितलं की त्यालाही तसंच आहे, आजवर कुणाला बोलला नव्हता. आम्ही अर्धा तास बोललो. मी त्याला डॉक्टरांचं नाव दिलं आणि चोवीस चौकोनांचा पुठ्ठा कुठे मिळतो ते सांगितलं.

सकाळी मॉनिटर चालू केला की त्याचे रंग स्थिर व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. तोवर काम करायचं नाही, हा नियम मी पाळतो. त्या अर्ध्या तासात मी धायरीला फोन लावतो. आई भाजीवाल्याशी झालेलं भांडण सांगते, गुडघ्याचं सांगते, शेजारच्यांच्या कुत्र्याचं सांगते. बायको तयार होऊन बाहेर पडायच्या आधी दारात उभी राहते आणि माझ्या शर्टाकडे बघून नुसती मान हलवते, चालेल अशी किंवा बदल अशी. मग मी फोन ठेवतो, गरज असेल तर शर्ट बदलतो, आणि कामाला बसतो.